हातचलाखी ते प्रयोग : चित्रफितीवरून पत्त्यांची जादू शिकताना तमाशाच्या रचनेचा उपयोग

१. प्रस्तावना

भारतात २००५ नंतर यूट्यूब आणि २०१६ नंतर स्वस्त झालेली इंटरनेट सेवा यांमुळे शिकण्याचे एक नवे साधन खेड्यापर्यंत पोहोचले. स्वयंपाक, शिवणकाम, मोटारदुरुस्ती, हार्मोनियम यांबरोबरच पत्त्यांची जादूही आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर शिकता येते. पूर्वी ज्या हालचाली एखाद्या गुरूने वर्षानुवर्षे सेवा केल्यावर दाखवल्या असत्या, त्या आता कोणालाही, कितीही वेळा, हव्या तेवढ्या सावकाश पाहता येतात. त्यामुळे आंबेगाव तालुक्यातील निरगुडसरसारख्या गावातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याने पत्त्यांचा कॅट हाती घेऊन जादू शिकू म्हटले, तर त्याला साधनाची उणीव भासणार नाही. उणीव भासेल ती निराळ्याच गोष्टीची. त्याला चार-दोन करामती येतील; परंतु त्या करामतींचा दहा मिनिटांचा प्रयोग कसा बांधावा, हे त्याला उमगणार नाही.

करामत येणे आणि प्रयोग करता येणे यांत असलेले हे अंतर कशामुळे निर्माण होते आणि ते कसे भरून काढता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. हे अंतर भरून काढण्यासाठी लागणारे रचनेचे ज्ञान जुन्नर-आंबेगाव परिसरात तमाशाच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या नांदत आले आहे, असे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. विषय वरवर करमणुकीचा वाटला तरी चित्रफितीवरून कौशल्य शिकणे आणि शिकवणे हा प्रश्न आज प्रत्येक महाविद्यालयीन अध्यापकापुढे उभा आहे. त्या दृष्टीनेही हे उदाहरण उपयुक्त ठरावे.

२. संज्ञा आणि व्याप्ती

जादूच्या प्रयोगांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला रंगमंचीय जादूचा. त्यात मोठी उपकरणे, प्रकाशयोजना, साहाय्यक आणि शेकडो प्रेक्षक असतात. दुसरा जवळून दाखवायच्या जादूचा. यालाच क्लोज-अप असे म्हणतात. यात प्रेक्षक पाच ते पंधरा, अंतर हात-दोन हातांचे आणि साधने म्हणजे नाणी, दोरी, रुमाल किंवा पत्ते. प्रस्तुत लेखाची व्याप्ती या दुसऱ्या प्रकारातील पत्त्यांच्या जादूपुरती मर्यादित आहे.

‘हातचलाखी’ हा शब्द येथे बोटांच्या गुप्त हालचालीसाठी योजला आहे. उदाहरणार्थ, दोन पाने एकच असल्याप्रमाणे उचलणे, प्रेक्षकाच्या हाती आपल्याला हवे तेच पान जाऊ देणे, किंवा पत्ते पिसल्याचा आभास निर्माण करून विशिष्ट पान वरच्या जागी राखणे. ‘करामत’ म्हणजे अशा एक वा अनेक हालचालींतून साधलेला एक पूर्ण चमत्कृतिजन्य परिणाम. ‘प्रयोग’ म्हणजे अनेक करामतींची बोलणे, विराम, प्रेक्षकांचा सहभाग आणि शेवट यांसह केलेली बांधणी.

३. शिकण्याचे तीन मार्ग

पत्त्यांची जादू शिकण्याचे मार्ग कालक्रमाने तीन दिसतात. पहिला गुरू किंवा घराणे. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे जादूगार रघुवीर. त्यांचा जन्म १९२४ मध्ये खेड तालुक्यातील चाकणजवळच्या आंबेठाण या गावी झाला. हेच गाव पुढे शेतकरी संघटनेमुळे राज्यभर परिचित झाले. निरगुडसर आणि आंबेठाण ही दोन्ही गावे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील. रघुवीरांनी पुण्यास राहून रंगमंचीय जादूत मोठे नाव मिळवले, परदेशांत प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्यानंतर पुत्र विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर यांनी ही कला पुढे चालवली. घराण्यात वाढणारे मूल हातचलाखी शिकण्याच्या आधीच विंगेत उभे राहून प्रयोग पाहत असते, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

दुसरा मार्ग ग्रंथांचा. एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने १९०२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेले ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ हे पुस्तक आजही या विद्येचा आधारग्रंथ मानले जाते. त्याचा पहिला भाग जुगारातील लबाडीचा असून दुसरा भाग जादूचा आहे. एकच हालचाल फसवणुकीलाही उपयोगी पडते आणि करमणुकीलाही, हे या पुस्तकाच्या मांडणीतूनच स्पष्ट होते. पुढे जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउ यांचे ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ हे नवशिक्यांसाठी क्रमवार रचलेले पुस्तक आले. त्यात प्रत्येक हालचालीनंतर तिच्यावर आधारित करामती दिल्या आहेत. पुस्तक वाचणाऱ्यास शब्दांवरून हालचाल मनात उभी करावी लागे. हे कष्टाचे होते. परंतु त्यामुळे प्रत्येक जण ती हालचाल आपल्या हाताच्या ठेवणीनुसार घडवीत असे.

तिसरा मार्ग चित्रफितीचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हीएचएस फिती आल्या, नंतर डीव्हीडी आणि आता इंटरनेटवरील चित्रफिती. बोटांचा कोन, पानांवरील दाब, हालचालीची गती या गोष्टी शब्दांत सांगणे कठीण असते; चित्रफीत त्या क्षणार्धात दाखवते. हा तिचा निर्विवाद गुण होय.

४. चित्रफितीची मर्यादा

चित्रफितीत जे दिसते आणि प्रेक्षकाला जे दिसते, ते एक नसते. हा मुद्दा नवा नाही. बुद्धिमापन कसोटीमुळे शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेले फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी १८९४ मध्ये जादूगारांच्या हातचलाखीवर अभ्यास प्रसिद्ध केला होता. हालचालींची एकापाठोपाठ एक छायाचित्रे घेण्याचे त्या काळातील नवे तंत्र त्यांनी त्यासाठी वापरले. प्रत्यक्षात थक्क करणारी करामत छायाचित्रांच्या मालिकेत मात्र उघडी पडत असे. भ्रम केवळ हातात नसतो, तर हात आणि पाहणाऱ्याचे मन यांच्या दरम्यान असतो, असा याचा अर्थ होतो. चित्रफीत हात टिपते. मन तिच्या चौकटीबाहेर राहते.

दुसरी मर्यादा शिकणाऱ्याच्या आत्मविश्वासाशी निगडित आहे. मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही व्यक्तींना टेबलावरील भांडी न हलवता खालचे कापड झटक्यात ओढून काढण्याची चित्रफीत एकदा, तर काहींना वीस वेळा दाखवण्यात आली. अधिक वेळा पाहणाऱ्यांना ही गोष्ट आपल्याला जमेल असे अधिक वाटू लागले. त्याच संशोधनातील डार्ट फेकण्यासारख्या कौशल्यांच्या चाचण्यांत मात्र नुसते अधिक पाहिल्याने प्रत्यक्ष कामगिरी सुधारली नाही. कौशल्याचा एखादा लहानसा भाग स्वतः हाताळायला मिळाल्यावर हा फुगलेला विश्वास कमी झाला, असेही त्यांना आढळले. प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकाची चित्रफीत पाहून आलेल्या विद्यार्थ्याचा आविर्भाव ज्या अध्यापकांनी अनुभवला असेल, त्यांना हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल.

तिसरी मर्यादा अवधानाची. गुस्ताव कून आणि बेंजामिन टॅटलर यांच्या २००५ मधील अभ्यासात जादूगार सिगारेट सरळ मांडीवर पडू देतो आणि ती नाहीशी झाल्याचे भासवतो. पाहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली मोजल्या असता, सिगारेट पडताना कोणाच्या लक्षात येते हे त्याची नजर त्या जागेच्या किती जवळ होती यावर अवलंबून नसल्याचे दिसले. म्हणजेच डोळे तेथे असूनही अवधान तेथे असेलच असे नाही. ते कोठे असावे, हे जादूगाराचे बोलणे, त्याची नजर आणि घटनांचा क्रम ठरवीत असतात. शिक्षणपर चित्रफितीत नेमक्या याच तीन गोष्टी गाळलेल्या असतात, कारण तेथे शिक्षकाचे सारे बोलणे गुपित उघड करण्यासाठी असते, झाकण्यासाठी नव्हे.

चौथी मर्यादा पुनरावृत्तीची. एकच करामत त्याच प्रेक्षकांपुढे त्याच पद्धतीने पुन्हा करू नये, हा या विद्येचा जुना दंडक आहे. चित्रफितीचा तर पायाच पुनरावृत्ती हा आहे. या संदर्भात १९२२ मधील शिकागो येथील एक प्रसंग बोलका आहे. कोणतीही करामत तीन वेळा पाहिल्यास तिचे गुपित सांगू, असा हॅरी हुदिनी यांचा दावा होता. डाय व्हर्नन यांनी त्यांना खूण केलेले पान कॅटच्या मध्ये जाऊन पुन्हा वर येते, ही करामत अनेकदा दाखवली आणि हुदिनींना ती उकलली नाही. पुनरावृत्ती होऊनही गुपित टिकले, कारण व्हर्नन यांचे हात आणि समोरच्या माणसाचे अवधान यांचा मेळ अभंग होता. शिकणाऱ्याने पडद्यावर शंभर वेळा हात पाहिले, तरी हा मेळ त्याला पडद्यावर दिसणार नाही.

५. झिलकऱ्याची जागा

शिकणाऱ्याला हात दिसतात, पण प्रेक्षक दिसत नाहीत, हे चित्रफितीचे व्यंग एकदा ध्यानात आले की परिसरातील एका परंपरेकडे लक्ष जाणे साहजिक आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे ढोलकी फडाच्या तमाशाचे केंद्र. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावोगावचे पंच यात्रेच्या सुपाऱ्या देण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारख्या कलावतीने, ज्यांचे निधन २००२ मध्ये झाले, याच भूमीतून अखिल भारतीय कीर्ती मिळवली. निरगुडसर परिसरातील कोणत्याही कुटुंबाला तमाशाचा बाज नव्याने समजावून सांगावा लागत नाही.

तमाशाच्या फडात नवखा कलावंत प्रारंभी बहुधा मागच्या रांगेत उभा असतो. मुख्य गायकाच्या मागे राहून ध्रुवपद उचलणाऱ्या साथीदारास झिलकरी म्हणतात. या जागेचे वैशिष्ट्य असे की, तेथून पुढच्या कलावंताची पाठ आणि हात दिसतात आणि त्याच वेळी समोरच्या प्रेक्षकांचे चेहरेही दिसतात. कोणत्या शब्दावर हशा पिकला, कोठे चुळबुळ सुरू झाली, ढोलकीच्या कोणत्या तोडीवर मागचे लोक उठून उभे राहिले, हे झिलकरी रोज पाहतो. जादूगाराच्या घराण्यातील मूल विंगेतून जे पाहते, तेही हेच.

चित्रफितीतील कॅमेरा बहुधा जादूगाराच्या खांद्यावरून किंवा थेट हातांसमोर लावलेला असतो. तो झिलकऱ्याप्रमाणे कलावंताच्या निकट असतो. परंतु प्रेक्षकांचे चेहरे त्याच्या चौकटीत नसतात. अशा रीतीने चित्रफितीवरून शिकणारा झिलकऱ्याचे अर्धेच शिक्षण घेतो. उरलेले अर्धे त्याला प्रयत्नपूर्वक मिळवावे लागते. त्यासाठी दोन उपाय संभवतात. पहिला, शिक्षणपर चित्रफितींबरोबरच खऱ्या प्रेक्षकांपुढील संपूर्ण प्रयोगांच्या चित्रफिती पाहणे आणि त्या पाहताना हातांवरील नजर काढून प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर ठेवणे. दुसरा, प्रयोगाची रचना करताना अवधानाचा ज्यात आधीच विचार झालेला आहे, असा एखादा सिद्ध साचा घेणे. तमाशाची क्रमरचना हा असा साचा होय.

६. गण, गौळण, बतावणी, वग : क्रमामागील तर्क

ढोलकी फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा स्थूल क्रम असतो. गौळणीनंतर रंगबाजीच्या लावण्यांना जागा दिली जाते. या क्रमाचा अवधानाच्या दृष्टीने विचार केल्यास पुढील गोष्टी ध्यानात येतात.

गणाने प्रयोगाची हद्द आखली जाते. आता गप्पा थांबवून इकडे पाहावे, हे प्रेक्षकांना कोणी सांगत नाही. गणाच्या स्वरांनी ते आपोआप घडते. पत्त्यांच्या प्रयोगात पहिली करामत अशी असावी की जिला प्रेक्षकाच्या सहभागाची गरज नाही, जी एक मिनिटाच्या आत संपते आणि जी डोळ्यांना थेट दिसते. उदाहरणार्थ, वरचे पान हलवताच त्याचे दुसऱ्या पानात रूपांतर होणे. पुष्कळ नवशिके प्रारंभीच कोणाला तरी पान ओढायला सांगतात. अनोळखी माणसाने तुम्हाला अद्याप स्वीकारलेले नसताना त्याच्याकडून काम करून घेणे, हे गणाशिवाय वग सुरू करण्यासारखे आहे.

गौळणीत मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणींना कृष्ण आणि पेंद्या वाटेत अडवतात. मावशीचा प्रतिकार आणि पेंद्याचे हट्ट यांतून लटकी तकरार उभी राहते. नाट्यदृष्ट्या यात अडवणूक महत्त्वाची. पत्त्यांच्या दुसऱ्या करामतीत प्रेक्षकाला प्रथमच आत घ्यावे आणि त्याला अडवणुकीचा अधिकार द्यावा. ‘तुम्ही पिसा’, ‘हवे तेथे काटा’, ‘मन बदलायचे असेल तर आत्ताच बदला’ अशी मोकळीक दिल्याने पाहणाऱ्यांचा संशय हसत-खेळत व्यक्त होतो.

बतावणीत सोंगाड्या प्रश्न विचारतो, उलटसुलट अर्थ काढतो आणि प्रेक्षकांच्या मनातील शंका त्यांच्याही आधी बोलून दाखवतो. स्पॅनिश जादूगार हुआन तामारीस यांनी १९८० च्या दशकात मांडलेला विचार येथे जोडून पाहण्यासारखा आहे. प्रेक्षकाच्या मनात येऊ शकणारी प्रत्येक संभाव्य उकल जादूगाराने आधीच ओळखावी आणि शेवट येण्यापूर्वी ती एकेक करून निकालात काढावी, असे त्यांच्या विचाराचे सार आहे. सोंगाड्या हेच करीत असतो. ‘आता पाहुणे म्हणतील, पत्त्यांना खूण केली असेल. घ्या, तुम्हीच पाहून घ्या’ असे एक वाक्य योग्य जागी आले की एक वाट बंद होते. शिवाय हसताना माणसाचे अवधान सैल पडते. हातचलाखीची गुप्त हालचाल त्या सैल क्षणी करावी, हे जादूच्या क्षेत्रातील जाणत्यांचे मत आहे. एकट्या जादूगाराला शाहीर आणि सोंगाड्या या दोन्ही भूमिका वठवाव्या लागतात, किंवा प्रेक्षकांतील एखाद्या बोलक्या व्यक्तीला दुसरी भूमिका द्यावी लागते.

वग म्हणजे सलग कथानक. त्यात पात्रांचे काहीतरी पणाला लागलेले असते. पत्त्यांच्या प्रयोगातील अखेरची करामत अशीच असावी. ती दीर्घ असावी, आधीच्या करामतींतील एखादा धागा तिने उचलावा आणि तिचा शेवट एका वाक्यात सांगता यावा. दुसऱ्या दिवशी पाहणाऱ्याने घरी जे सांगावयाचे, ते हे वाक्य. ‘मी मनात धरलेले पान माझ्याच खिशात निघाले’ असे सांगता येते. ‘त्याने पाच-सहा प्रकारांनी पाने ओळखली’ यात सांगण्यासारखे काही उरत नाही.

ही तुलना मर्यादेने घ्यावयास हवी. तमाशा रात्रभर, हजारोंच्या समुदायापुढे आणि संगीताच्या आधाराने चालतो. पत्त्यांचा प्रयोग दहा मिनिटांत दहा जणांपुढे संपतो. उसना घ्यावयाचा आहे तो क्रमामागील तर्क. त्याचा विस्तार नव्हे. अद्‌भुत रसाचा स्थायिभाव विस्मय होय आणि इंद्रजालाची गणना नाट्यशास्त्रात त्याच्या विभावांत केलेली आहे. परंतु विस्मय दीर्घकाळ टिकत नाही. म्हणूनच त्याला हास्य आणि कुतूहल यांची आलटून-पालटून सोबत द्यावी लागते. तमाशाने हे लोकव्यवहारातून साधले.

७. एक उदाहरण : खुणेचे पान

वरील विवेचन एका सर्वज्ञात आणि सोप्या करामतीवर पडताळून पाहू. कॅटच्या तळाचे पान जादूगार गुपचूप पाहून ठेवतो. समजा ती इस्पिकची सत्ती आहे. प्रेक्षक पसरलेल्या पानांतून एक पान घेऊन पाहतो आणि कॅटच्या वर ठेवतो. कॅट काटून खालचा भाग वर ठेवला की सत्ती निवडलेल्या पानाच्या अगदी वर येऊन बसते. आता वरून एकेक पान उताणे टाकत गेल्यास सत्तीच्या लगेच पुढचे पान ते निवडलेले पान होय.

चित्रफितीत हे सारे दोन मिनिटांत समजते. पण समजल्याबरोबर ओळखून दाखवल्यास प्रेक्षकही ते दोन मिनिटांत उलगडतात. प्रयोगाच्या दृष्टीने येथे तीन प्रश्न आहेत. तळाचे पान केव्हा पाहावे? कॅट हाती घेऊन प्रेक्षकाचे नाव-गाव विचारताना, म्हणजे जादू अजून सुरूच झालेली नाही असे सर्वांना वाटत असताना. काटण्याचे कारण काय? ते प्रेक्षकाच्याच हातून व्हावे, म्हणजे ती जादूगाराची कृती न राहता प्रेक्षकाची सावधगिरी ठरते. काटणे आणि ओळखणे यांच्या दरम्यान काय असावे? बतावणी. या मध्यंतरात एखादी विनोदी गोष्ट आली की काटण्याची कृती स्मरणातून पुसट होते आणि ‘पान आत हरवले’ एवढेच लक्षात राहते.

याच करामतीचा एक जुना शेवट रचनेच्या दृष्टीने फार बोधप्रद आहे. जादूगार पाने टाकत जातो. सत्ती आणि तिच्यापुढील निवडलेले पान येऊन जाते, तरी तो थांबत नाही. आणखी तीन-चार पाने टाकून तो म्हणतो, ‘आता मी जे पान उलटे करीन, ते तुमचेच असेल.’ आपले पान मागे पडल्याचे पाहणारा जाणतो. जादूगार फसला अशी त्याची खात्री होते, शेजारी कुजबुजतात. मग जादूगार हातातील पानांना स्पर्शही न करता आधी टाकलेल्या पानांतील नेमके पान पालथे करतो. बोटांची किमया येथे जवळजवळ नाहीच. सारी गंमत प्रेक्षकाला स्वतःच्या ज्ञानाचा अभिमान वाटू देण्यात आणि तो अलगद उलटवण्यात आहे. बतावणीतील सोंगाड्या पाटलाची हीच गत करतो.

८. ग्रामीण प्रयोगस्थळाचा विचार

चित्रफितीतील प्रयोग बहुधा टेबलावर, मऊ गादीवर, स्थिर प्रकाशात आणि समोरच्या एकाच कोनातून होतो. गावातील प्रयोगस्थळ निराळे असते. मंदिराचा सभामंडप, घराची ओसरी, शाळेचा व्हरांडा किंवा मळ्यातील अंगण या ठिकाणी लोक जमिनीवर तीन बाजूंनी बसतात आणि लहान मुले जादूगाराच्या पाठीमागेही जमतात. दोन पाने एक म्हणून उचलण्याची क्रिया समोरून निर्दोष दिसली, तरी कडेने बसलेल्यास पानांतील फट दिसते. तळाचे पान जमिनीवर बसलेल्या मुलाला सहज दिसते. म्हणून अशा ठिकाणी भिंतीला पाठ टेकून बसावे, मुलांना अगदी पुढे घ्यावे आणि कोनांवर अवलंबून असलेल्या करामती टाळून गणिती किंवा खुणेच्या पानावर आधारित करामती निवडाव्यात.

फरशीवरून पान उचलणे अवघड जाते. दुमडलेली घोंगडी किंवा सतरंजी अंथरल्यास ती गादीचे काम उत्तम करते. उघड्यावर वाऱ्याने पाने उडतात, तर पावसाळ्यात कागदी पाने दमट होऊन एकमेकांस चिकटतात. प्लॅस्टिकची पाने ओलाव्यात टिकतात. परंतु ती अधिक निसरडी असल्याने सरावाचा कॅट आणि प्रयोगाचा कॅट एकाच जातीचा ठेवावा.

भाषेचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. इंग्रजी वा हिंदी चित्रफितीतील बोलणे शब्दशः मराठीत आणले की ते कृत्रिम वाटते. गावात समोर बसलेली व्यक्ती आजोबा, मावशी, वहिनी किंवा सर असते आणि प्रत्येकाशी बोलण्याची रीत वेगळी असते. तरुण मुलाला ‘काढ रे एक पान’ म्हणता येईल. आजोबांना ‘आजोबा, तुमच्या हाताला यश आहे, एक पान तुम्ही काढा’ असेच म्हणावे लागेल. काही वारकरी कुटुंबांतील वडीलधारी माणसे पत्त्यांना हातही लावत नाहीत. त्यांना आग्रह न करता साक्षीदाराची भूमिका द्यावी. दुरी, तिरी, पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का ही पानांची नावे आणि इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हे रंग वापरले की मेंढीकोट खेळलेला प्रत्येक जण क्षणात प्रयोगाशी जोडला जातो.

९. सरावाचा क्रम

उपरोक्त विवेचनावरून नवशिक्यासाठी पुढील क्रम सुचवता येईल. (१) एका वेळी एकच हालचाल निवडावी आणि तिची चित्रफीत पाहून झाल्यावर लगेच कॅट हाती घ्यावा. एकामागून एक चित्रफिती पाहत जाऊ नये. (२) आरशासमोरील सराव थोडक्यात आटोपून भ्रमणध्वनी प्रेक्षकाच्या जागी, जमिनीलगत आणि दोन्ही कडांना ठेवून स्वतःचे चित्रण करावे. आरशात आपण आपल्या हातांकडे पाहत राहतो आणि नेमकी तीच नजर प्रेक्षकाला गुपिताकडे घेऊन जाते. (३) बोलणे लिहून काढावे आणि हालचालीसह मोठ्याने म्हणावे. बोलता बोलता हात थांबत असतील, तर हालचाल अजून पक्की झालेली नाही असे समजावे. (४) पहिल्या प्रयोगासाठी तीनच करामती घ्याव्यात. (५) प्रत्येक प्रयोगानंतर हशा कोठे आला, कोणी मध्येच कॅट मागितला, कोठे शांतता पसरली याची टाचणे ठेवावीत. झिलकरी जे रोज पाहत असतो, ते ही वही शिकणाऱ्यास मिळवून देते.

१०. नैतिक मर्यादा

पत्त्यांची जादू शिकणाऱ्यास दोन बाजूंनी सावध राहावे लागते. पहिली बाजू जुगाराची. जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा आपल्याकडे आजही लागू आहे आणि गावात पत्त्यांचा कॅट हाती असलेल्या तरुणाकडे संशयाने पाहिले जाते. जादूच्या प्रयोगात पैशांची पैज कधीही लावू नये. ज्या हालचालीने पाने राखता येतात, तिनेच तीन पत्तीत मित्राला लुबाडता येते. शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्यानेही ही सीमा स्पष्ट ठेवावी.

दुसरी बाजू अंधश्रद्धेची. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव तथाकथित चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागील कारण लगेच सांगतात. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे, लुबाडणे वा दहशतीखाली ठेवणे यावर या कायद्याने निर्बंध घातला. जादूगार गुपित सांगत नाही आणि कार्यकर्ता सांगतो, एवढा फरक असला तरी दोघेही आपल्याजवळ दैवी शक्ती नाही हे मान्य करतात. बुवा ते मान्य करीत नाही. म्हणून मनातले पान ओळखल्यावर एखाद्याने हात पुढे करून भविष्य विचारले, तर ‘ही केवळ हातचलाखी आहे’ असे जादूगाराने निःसंदिग्धपणे सांगावयास हवे. अशा वेळी गप्प राहणे, हे आपल्या परिसरात दैवी शक्तीचा दावा करण्यासारखेच ठरते.

११. समारोप

चित्रफितीने गुपितांची दारे उघडली, हे शैक्षणिकदृष्ट्या स्वागतार्हच आहे. ज्याच्या घरी परंपरा नाही, ज्याच्या गावी जादूगारांची संघटना नाही, त्यालाही ही विद्या आज उपलब्ध आहे. परंतु हालचाल म्हणजे कला नव्हे. हालचालीला कलेचे रूप येते ते समोर बसलेल्या माणसाच्या अवधानाचा विचार केल्यामुळे, आणि ही समज पडद्यावरून मिळत नाही. ती प्रेक्षकांत मिसळून मिळवावी लागते, किंवा ज्यांनी ती आधी मिळवली त्यांच्या रचनेतून उचलावी लागते. नारायणगावच्या फडांनी अशी रचना शतकभराहून अधिक काळ जपली आहे. निरगुडसरच्या विद्यार्थ्याने बोटांची चलाखी जगाच्या दुसऱ्या टोकाकडून शिकावी आणि प्रयोगाचा क्रम आपल्या गावच्या यात्रेतून शिकावा, यात कोणतीही विसंगती नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यापक सूचना मिळते. विद्यार्थी चित्रफिती पाहणारच आहेत. कृती कशी करावी हे आता पडदा सांगेल; ती कोणासाठी, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत करावी, हे सांगण्याचे काम वर्गात उरते. त्यासाठी विद्यार्थ्याला झिलकऱ्याची जागा मिळवून देणे, म्हणजे कृतीही दिसेल आणि तिचा समोरच्यावर होणारा परिणामही दिसेल अशा ठिकाणी त्याला उभे करणे, हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.